नववी संपली कधी म्हणायची?

ओसरी | 13 एप्रिल 2025, सकाळी 10:42

लेक नववीत आहे. डोंबिवली, मराठी माध्यम. "नववीत आहे" असं लिहिलं खरं, पण सध्या नेमकी कितवीत ते विचारू नका. सकाळी शाळेत नववीचा पेपर, संध्याकाळी क्लासात दहावीचं बीजगणित. त्यात 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' हा धडा दोन्हीकडे आहे, नववीला पाचवा आणि दहावीला पहिला. परवा विचारत होती, "आई, मी हे परवाच्या पेपरसाठी करतेय की पुढच्या वर्षासाठी?" मी म्हटलं, आधी जेवून घे.

ज्यांच्या घरात शाळकरी मूल नाही त्यांच्यासाठी: यंदा एससीईआरटीने (राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेने) पहिली ते नववीच्या परीक्षांचं अख्ख्या राज्याला एकच वेळापत्रक दिलंय. 8 ते 25 एप्रिल परीक्षा, 1 मेला निकाल. एरवी आमच्या शाळेत एप्रिलच्या मध्यापर्यंत सगळं उरकायचं आणि मग निकालापर्यंत शाळा असून नसल्यासारखी. क्लासवाल्यांनी तोच हिशेब धरून दहावीची बॅच सुरू केली. आता परीक्षा पुढे गेली तरी बॅच काही थांबली नाही. मधे महावीर जयंती झाली, उद्या आंबेडकर जयंती, 18 ला गुड फ्रायडे, त्यामुळे पेपरही असे विखुरलेत की धड अभ्यास नाही, धड सुट्टी नाही.

मला खरं वाईट वाटतंय ते वेगळ्याच गोष्टीचं. दहावीचं वर्ष असं कधी संपतच नाही. जानेवारी-फेब्रुवारीत पूर्वपरीक्षा, निरोप समारंभ, हॉल तिकीट, आणि बोर्डाचा नंबर येणार भलत्याच शाळेत. म्हणजे आपल्या शाळेत, आपल्या वर्गात "वार्षिक परीक्षा संपली रे!" असं ओरडत बाहेर पडायचा शेवटचा दिवस नववीतच येतो. तोच नेमका यंदा क्लासच्या वेळेत बसवायचा आहे. 25 ला शेवटचा पेपर आणि त्याच संध्याकाळी क्लासची चाचणी. शाळेचे दहावीचे जादा तास 28 पासून.

25 नंतर थोडे दिवस क्लास बुडवून तिला राजापूरला माझ्या आईकडे पाठवावं असं माझ्या मनात आहे. नवरा म्हणतो, पहिलाच धडा बुडला की पोरं वर्षभर धावत राहतात. लेक काहीच म्हणत नाही. तुमच्याकडे काय करताय?

---

कोथिंबीरवडी | 13 एप्रिल, 11:15

पाठवा बिनधास्त. पहिला धडा काही पळून जात नाही, जूनमध्ये शाळेत परत शिकवतातच. आमचा मुलगा सीबीएसईला, त्यांचं दहावीचं वर्ष 1 एप्रिललाच सुरू झालं. आमच्या सोसायटीत "उन्हाळ्याची सुट्टी" म्हटलं की पोरं विचारतात, कुठली?

---

चिपळूणचा दादा | 13 एप्रिल, 12:30

आम्ही 84 ला नववी दिली. शेवटच्या पेपराच्या संध्याकाळी माझं ठरलेलं काम म्हणजे सगळ्या वह्या ओटीवर पसरायच्या आणि कोरी पानं काढायची. टाचण्या वाकवून मधली पानं जोडीनं सोडवावी लागतात, नाहीतर दुसऱ्या बाजूचं पान सुटं होऊन फुकट जातं. मग एकरेघी वेगळी, दुरेघी वेगळी, चौकटीची वेगळी. वडील दाभणाने तीन भोकं पाडून दोरा ओवायचे आणि आई खळ करून द्यायची, जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा चिकटवायला. त्या वह्या पाटाखाली दाबून ठेवायच्या, वर जातं किंवा पाटा नाहीतर कणगीचं झाकण. पुढच्या वर्षी जूनभर रफ वही विकत घ्यावी लागत नसे. आता पोरांच्या अर्ध्या कोऱ्या वह्या रद्दीत बघितल्या की जीव तुटतो.

बाकी "आमच्या वेळी हे नव्हतं" असं मात्र म्हणणार नाही. व्हेकेशन बॅच तेव्हाही होती, फक्त ती डॉक्टर-वकिलांच्या मुलांना होती.

---

संत्रानगरी | 13 एप्रिल, 14:05

तुम्ही क्लासचं म्हणता, आमच्याकडे तर आधी ऊनच बोलते. उन्हामुळे शाळा सकाळच्या करा असं परिपत्रक मार्चअखेर आलं, माध्यमिकच्या शाळा 7 ते पावणेबारा. पण नागपुरात पावणेबाराला बाहेर निघणे म्हणजे काय ते मुंबई-पुण्यात बसून कळत नाही. पोट्टे डोक्याला दुपट्टा गुंडाळून सायकलवर येतात, नुसते डोळे दिसतात. आमच्या सासूबाई अजून खिशात कांदा ठेवायला लावतात. घरी आलं की कूलरसमोर फरशीवर आडवं, तीन वाजेपर्यंत त्यांना कोणी हलवू शकत नाही.

25 एप्रिलपर्यंत परीक्षा हे ज्यांनी ठरवलं त्यांनी एकदा चंद्रपूरला पंखा बंद पडलेल्या वर्गात पर्यवेक्षण करून दाखवावं. आमची शाळा उघडतेही उशिरा, 23 जूनला. बाकी राज्याची 16 ला. म्हणजे आमचं वर्ष संपायला तुमच्याबरोबर आणि सुरू व्हायला तुमच्यामागून. त्यात आम्हाला तक्रार नाही. :)

---

मांडवीकाठ | 13 एप्रिल, 16:20

गोव्यातून हजेरी. आमच्याकडे यंदा सरकारनेच कॅलेंडर बदललं. सहावी ते दहावी आणि बारावीचं नवं वर्ष 7 एप्रिलला सुरू झालंसुद्धा. नवी पुस्तकं, नवा वर्ग, साडेअकराला सुटका, मग मे महिनाभर सुट्टी आणि 4 जूनला परत शाळा. पालकांनी विरोध केला, पण झालं ते झालं. माझी भाची आठवीतून नववीत गेली आणि तिला अजून ते पटलेलं नाही. म्हणते, इयत्ता पावसात बदलते, घामात नाही.

त्यातल्या त्यात एक बरं. इथे शाळाच आधी सुरू झाली म्हणून सगळे एकत्र आहेत. तुमच्याकडे ज्याला क्लास परवडतो तो पुढे, असं झालंय.

---

ओसरी | 13 एप्रिल, 21:10

@मांडवीकाठ, हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. लेकीच्या वर्गातल्या निम्म्या मुली क्लासला नाहीत.

@चिपळूणचा दादा, पाट्याखाली की पाटाखाली? :) आणि हो, कोरी पानं मी काढून घेणारच आहे.

---

नववी_ब | 15 एप्रिल, 22:48

हाय. ही आयडी आईची आहे, नाव मी बदललंय, तिला सांगू नका. मी पण नववीत आहे, कल्याण. मोठ्यांचं वाचून हसू आलं म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे आमची परीक्षा तुम्हाला वाटते तशी नाहीये. एका बाकावर मी आणि खालच्या इयत्तेतला एक मुलगा बसतो, कॉपी होऊ नये म्हणून तसं बसवतात. तो प्रत्येक पेपरला मला काहीतरी विचारतो. मागच्या पेपरला म्हणाला "दादा, वेळ संपला की आपोआप घंटा वाजते का?" त्याचा पेपर आमच्या आधी संपतो. मग तो प्रश्नपत्रिकेवर रणगाडे काढत बसतो आणि मी पायथागोरसकडे बघतो.

परीक्षेपेक्षा जास्त डोकं सबमिशनला लागलं. विज्ञानाची प्रयोगवही, भूगोलाची वही, जलसुरक्षाची कार्यपुस्तिका, सगळं मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. प्रयोगवहीत डावीकडच्या कोऱ्या पानावर आकृती पेन्सिलने आणि उजवीकडे कृती पेनाने. वर्गात एकीचीच वही पूर्ण होती. तिने फोटो काढून ग्रुपवर टाकले आणि सगळ्यांनी तेच उतरवलं. तिचा एका निरीक्षणातला आकडा चुकला होता, तोच अख्ख्या वर्गाचा चुकला. सर सही करताना चौथ्या वहीला थांबले, वर बघितलं आणि काहीच बोलले नाहीत. त्यानंतर सगळ्या वह्यांवर सही मिळाली पण तारीख एकच.

आता क्लासचं. काकू, तुमची मुलगी काही बोलत नाही म्हणता ना, मला वाटतं कारण हे असेल. आमच्या बिल्डिंगमध्ये खाली कोणी खेळायला येत नाही. एक आयआयटी फाउंडेशनला जातो, एक गावी गेला, एक नुसता फ्री फायर खेळतो. क्लास साडेचारला असतो पण आम्ही चारलाच जातो. जिन्यात बसायचं, दोघांत एक वडापाव, आयपीएलवरून भांडण. सरांची गाडी दिसली की वर पळायचं. आमची सुट्टी तीच आहे. क्लास बुडवला तर मी घरी काय करणार, मोबाईल? मग परत तुम्हीच ओरडणार.

शाळेत मात्र शेवटच्या दिवशी शर्टावर सह्या करणार आहोत. दहावीवाले करतात, पण त्यांच्या वेळी सगळे एकत्र नसतात, म्हणून आम्ही यंदाच करणार. जुना शर्ट घालून जायचं ठरलंय. आईला हेही सांगू नका.

---

कोथिंबीरवडी | 15 एप्रिल, 23:02

अरे भारी लिहितोस. झोप आता, उद्या पेपर असेल.

---

नववी_ब | 15 एप्रिल, 23:04

उद्या नाहीये. परवा आहे.

---

चिपळूणचा दादा | 16 एप्रिल, 07:50

जिना काय आणि पार काय. आम्ही देवळाच्या पारावर बसत होतो, तिथे फक्त फी नव्हती. मुलाचं म्हणणं पटलं. पण मग क्लासवाल्याला जिन्याचे पैसे देतोय असं म्हणायचं का? आमच्या इकडे दहावीच्या क्लासची फी ऐकून मी दोनदा विचारलं, वर्षाची ना?

---

टर्नपाईक | 17 एप्रिल, 05:35

न्यू जर्सीहून. इथे मुलगी अकरावीत, म्हणजे हायस्कूलचं शेवटून दुसरं वर्ष. आमची शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालते, त्यामुळे एप्रिलमधला तुमचा निरोपाचा सूर वाचून मजा वाटली. इथे आत्ता कुठे थंडी सरतेय आणि पोरं एपीच्या (शाळेतच शिकायच्या कॉलेज पातळीच्या विषयांच्या) तयारीला लागलीत. एपीच्या परीक्षा 5 ते 16 मे. त्या झाल्या की मुलांच्या लेखी वर्ष संपलं, पण शाळा अजून महिनाभर उरते. मग सिनेमे दाखवणं, पोस्टर बनवणं, इयरबुकवर एकमेकांचं काहीबाही लिहिणं. शेवटच्या आठवड्यात पाठ्यपुस्तकं परत करायची. पुस्तक शाळेचं असतं, हरवलं तर दंड. कव्हर घालायचं ते आपल्यासारखं नव्या पुस्तकाच्या हौसेने नाही, तर दंडाच्या भीतीने, तपकिरी कागद कापून.

सुट्टी अडीच महिन्यांची, पण ती मोकळी असते असं समजू नका. ही जून-ऑगस्ट टाउनच्या पूलवर लाइफगार्डचं काम करणार, वर एसएटीचा (कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेचा) क्लास आणि ड्रायव्हिंग. शिवाय रविवारच्या मराठी शाळेचं वर्षही मेमध्येच संपतं. तिथली तोंडी परीक्षा ती आजीशी फोनवर बोलून देते आणि आजी तिला मधेच उत्तरं सांगते.

ओसरी, पाठवा तिला राजापूरला. एप्रिल-मेमध्ये कोकणात जाता येणं हे कुठल्या कॉलेजच्या अर्जात लिहिता येत नाही, पण माझ्या मुलीला ते एकदाही जमलेलं नाही. इथली शाळा सुटते तोवर तिकडे पाऊस लागलेला असतो आणि आंबा संपलेला.

---

संत्रानगरी | 17 एप्रिल, 09:12

आंब्याचं नाव काढलंत की धागा भरकटणार. आधीच सांगतो, हापूस विरुद्ध कोणीही काहीही लिहू नये, दुसऱ्या धाग्यावर दोनशे प्रतिसाद झालेत.

---

बालाघाट | 27 एप्रिल, 20:25

उशिरा आलो. दोन दिवसांपूर्वी परीक्षा संपली, 1 मेच्या आत निकाल लावायचा म्हणून पेपर तपासत बसलोय. बीड जिल्ह्यात, शिरूर कासार तालुक्यात माध्यमिक शाळेवर आहे. आठवी-नववीच्या पेपरचे गठ्ठे, दोन्ही सत्रांचे गुण, अंतर्गत मूल्यमापन, सगळं पाच दिवसांत. पण तक्रार करायला नाही आलो.

वर क्लास, जिना, आजोळ वाचलं. माझ्या वर्गाचं वर्ष वेगळ्या रीतीने संपतं. दिवाळीच्या आसपास वर्गातल्या कितीतरी मुलांचे आईबाप ऊसतोडीला जातात, मुकादमाची उचल घेऊन, कोणी सांगलीकडे, कोणी कर्नाटकात. नववीची मुलं मागे आजीजवळ राहतात. काही पोरी धाकट्या भावंडांसाठी सोबत जातात आणि जानेवारीत नाव नुसतं हजेरीपटावर उरतं. कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की गाड्या परत यायला लागतात. त्या दिवशी वर्गात कोणाचंच लक्ष नसतं. रस्त्यावर ट्रॅक्टरचा आवाज आला की अर्धा वर्ग खिडकीकडे बघतो. एक मुलगा यंदा इतिहासाचा पेपर अर्धवट टाकून पळत होता, त्याला मी दारात अडवलं आणि म्हटलं, शेवटचे दोन प्रश्न लिही, आई कुठे जात नाही आता. त्याने खरंच लिहिले. बरोबर होते की नाही ते आज बघितलं, एक होता.

आणि हीच वेळ लगीनसराईचीही. येत्या 30 ला अक्षय्य तृतीया. आईबाप गावात, हाती थोडा पैसा, पुढच्या हंगामाला कोयता (नवरा-बायकोची मजूर जोडी) पुरा करायचा तर जोडपं लागतं. नववीच्या निकालाच्या दिवशी मी प्रगतिपुस्तक आईबापांच्या हातात द्यायला बघतो, पोरींच्या नाही. त्या निमित्ताने समोरासमोर बोलणं होतं. पोरगी हुशार आहे, दहावीचा फॉर्म भरायचाय, असं चारचौघांत बोलून ठेवलं की थोडी अडचण होते त्यांना. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून गावात ग्रामसेवकच असतो, त्याचा फोन नंबर फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलाय, खाली चाइल्डलाइनचा 1098. पुसायचा नाही असं सांगितलंय.

16 जूनला दहावीचा वर्ग भरला की मी हजेरी घेत नाही, आधी मुली मोजतो.

---

कोथिंबीरवडी | 27 एप्रिल, 21:40

सर, यावर काय लिहावं कळत नाही. फळ्याच्या कोपऱ्यातल्या नंबरवर कधी कोणी फोन केलाय का?

---

बालाघाट | 27 एप्रिल, 22:05

हो. एकीने मैत्रिणीसाठी. त्यापुढचं इथे लिहिणं बरं नाही.

---

ओसरी | 28 एप्रिल, 11:30

सर, वाचलं. लेकीलाही वाचायला दिलं. सकाळी तिनं मला विचारलं, ऊसतोडीची मुलं दहावीचा क्लास कुठे करतात. मी सांगितलं ते खरं तेच, करत नाहीत.

आमची बातमी: नववी_ब ने सांगितलं तसंच निघालं. राजापूरचा विषय काढला तर म्हणाली, "आत्ता नको, सगळ्या इथेच आहेत." शुक्रवारी पेपर संपल्यावर घरी आली ती शर्टावर अठ्ठावीस सह्या आणि पाठीवर मार्करने काढलेली एक मांजर घेऊन. नंतर क्लासच्या चाचणीलाही गेली, मैत्रिणी जाणार म्हणून. शाळेने जादा तास सकाळी 7 ते 10 ठेवलेत, तिथे मात्र क्लासला नसलेल्या मुलीही येतात. गणिताच्या बाईंनी पहिल्या दिवशी रेषीय समीकरणं पुन्हा पहिल्यापासून घेतली. म्हणजे आता तिसऱ्यांदा.

---

चिपळूणचा दादा | 28 एप्रिल, 13:00

तिसऱ्यांदा घेतल्यावर तरी क्ष ची किंमत एकच येते ना?

---

टर्नपाईक | 13 मे, 06:10 (भारतात दुपार उलटली असेल)

धागा वर काढतेय. दहावीचा निकाल लागला म्हणे! 94.10 टक्के. कोकण विभाग नेहमीप्रमाणे वर, 98.82.

---

संत्रानगरी | 13 मे, 16:30

आणि नागपूर तळाला, 90.78. यावर एकही विनोद नको, घरी पुतण्या पास झालाय, पेढे आणतोय.

---

ओसरी | 13 मे, 18:15

माझ्या भावाची मुलगी 87 टक्क्यांनी पास झाली, राजापूरचीच. लेक सध्या तिथेच आहे. शाळेचे जादा तास 10 मेला संपले, क्लासने मधे आठवडाभर सुट्टी दिली, तेव्हा स्वतःहून म्हणाली जाते. दिवसभर दोघी अकरावीच्या फॉर्मच्या गप्पा करतायत. यंदापासून अख्ख्या राज्यात प्रवेश ऑनलाइन, त्यामुळे राजापूरच्या पोरीलाही पसंतीक्रम भरायचे आहेत आणि घरात ते कोणालाच माहीत नाही. लेकच तिला समजावून सांगतेय, तिलाही एक वर्षाने तेच करायचंय म्हणून असेल.

---

नववी_ब | 13 मे, 22:20

आता दहावी_ब. निकाल चांगला लागला, शर्ट आईला सापडला.

एक काम होतं. संस्कृतचं दहावीचं 'आमोदः' जुनं कुणाकडे आहे का, कल्याण-डोंबिवलीत? समासांच्या पानांवर पेनाने लिहिलेलं असेल तर उत्तमच.

---

ओसरी | 14 मे, 08:05

भाचीचं आहे, नव्यासारखं, समासच काय, कुठेच काही लिहिलेलं नाही. चालेल का? लेक रविवारी येतेय, तिच्याबरोबर मागवते. आईच्या खऱ्या आयडीवरून व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.